माइकपासून किती लांब

लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही गाणी मिक्स करता म्हणजे नेमकं काय करता हो?" पूर्वी मी फेडर, इक्वलायझर, कॉम्प्रेसर असं सगळं समजावून सांगायला बसायचो आणि समोरच्याचं लक्ष जिलेबीच्या ताटाकडे जायचं. आता एका वाक्यात उरकतो. गाण्यात कोण ऐकणाऱ्यापासून किती लांब उभं आहे, ते मी ठरवतो. गायिका कानाशी, तबला हाताच्या अंतरावर, व्हायोलिनं समोरच्या भिंतीपाशी आणि कोरस जरासा दाराबाहेर. बाकीची यंत्रं आहेत ती याच कामासाठी.

हे मी उगाच सोपं करून सांगत नाही. या धंद्याची सुरुवातच अंतर मोजण्यापासून झाली. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान ग्रामोफोन कंपनीच्या भोंग्यासमोर गायली तेव्हा ना माइक होता ना ॲम्प्लिफायर. भोंग्यात शिरेल तेवढाच आवाज मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा. ज्याचा आवाज ठळक हवा त्याला पुढे घ्यायचं, ज्याचा कमी हवा त्याला मागे सरकवायचं, झालं मिक्सिंग. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आलं आणि कुजबुजीच्या आवाजात गाणारे गायक जन्माला आले, पण अंतराचा खेळ सुटला नाही. १९४९च्या 'महल'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याची आठवण लताबाईंनी स्वतः सांगितलेली आहे. माइक खोलीच्या मधोमध ठेवलेला, लताबाई कोपऱ्यात. सुरुवातीच्या ओळी गात गात त्या एकेक पाऊल माइककडे येत गेल्या. ओळी चालीत येईपर्यंत त्या माइकपाशी पोचल्या. कुणीतरी लांबून, कुठल्या तरी ओसाड हवेलीतून गात येतंय असं आपल्याला वाटतं, कारण ती बाई खरोखरच चालत येत होती. असा परिणाम साधायला आज माझ्याकडे निदान चार प्लगइन आहेत, आणि एकही त्याच्या जवळपास जात नाही.

मी या कामात आलो ते टेपच्या दिवसांत. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, फोर्टातलं वेस्टर्न आउटडोअर ही नावं तेव्हा आदरानं घेतली जायची. परळच्या राजकमलमध्ये मंगेश देसाईंनी सिनेमाच्या अंतिम मिक्सिंगला जी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, तिच्या गोष्टी आम्ही पोरं चहाच्या टपरीवर ऐकायचो. मला मिळालेला स्टुडिओ यांतला नव्हता, पण कामाची पद्धत तीच. टेप चढवायची, हेड स्पिरिटनं पुसायचे, चहा सांगायचा आणि तोंड बंद ठेवायचं. दोन इंची टेप, २४ ट्रॅक. सेकंदाला १५ इंच या वेगानं एक रीळ जेमतेम अर्धा तास चालायचं. टेप महाग, त्यामुळे "आणखी एक घेऊन ठेवू" असं कुणी सहज म्हणत नसे. वाजवणाऱ्यांत गोव्याचे पुष्कळ. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोवेकर अरेंजरांनी सिनेसंगीतात जी शिस्त आणली, तिच्यात तयार झालेली ही माणसं. कागद समोर ठेवला की पहिल्याच वाचनात वाजवायची, आणि मधल्या सुट्टीत माशांच्या भावावर तावातावानं बोलायची.

माझे वरिष्ठ रेकॉर्डिस्ट (नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं) माइकला हात लावण्याआधी हॉलमध्ये जायचे. वादकासमोर उभं राहायचं, एका कानात बोट घालायचं आणि दुसरा कान वाद्याभोवती फिरवायचा. माइकला एकच कान असतो, म्हणून आपणही एकाच कानानं ऐकायचं. जिथे वाद्य सगळ्यात सुंदर ऐकू येईल तिथे माइक. कन्सोलवर बसून बटणं फिरवणाऱ्याला ते "आळशी" म्हणत. हे बोट घालून ऐकणं मी अजून करतो. नवी मुलं हसतात, हसू देत.

तबल्याचंच घ्या. चाटेच्या वर माइक नेला की 'ना' टणत्कारतो आणि शाईची गोलाई हरवते. शाईच्या थेट वर आणला तर नुसता ठोका हाती येतो. डग्ग्याच्या फार जवळ गेलात तर घुमारा असा फुगतो की गायिकेचा खर्ज त्यात बुडून जातो. मग माणूस म्हणतो, दोघांना दोन माइक देऊ. दिले, की नवं दुखणं सुरू. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे तबल्याचा बोल त्याच्या माइकला आधी पोचतो आणि डग्ग्याच्या माइकला किंचित उशिरा. दोन्ही एकत्र केले की बोल पोकळ होतो, आतलं हाडच काढून घेतल्यागत. पुस्तकात यावर नियम दिलेला आहे. दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट हवं. पण डग्गा-तबला एकमेकांना खेटून बसलेले. नियम पाळायला गेलं तर माइक पुडीला टेकेल. म्हणून ख्याल असो की नाट्यसंगीत, मी एकच माइक ठेवतो, समोरून, हातभर उंचीवर, आणि दोन्हींचं प्रमाण माइक इंच-दोन इंच इकडे तिकडे सरकवून जुळवतो. तबलजीला तेवढ्यात दोनदा सूर मिळवून घ्यायला वेळ मिळतो, तो खूश. लावणीच्या ढोलकीचा किंवा कोळीगीताचा हिशोब वेगळा. तिथे ठोका नाकावर बसायला हवा, तिथे दोन काय, तीन माइक लावीन.

पेटीवाल्यांचा आग्रह असतो की माइक पट्ट्यांच्या डोक्यावर हवा. तिथून ऐकू काय येतं, तर पट्ट्यांची खटखट आणि भात्याची धाप. पेटी ऐकायची ती समोर बसलेल्या श्रोत्याच्या बाजूनं, तीन-चार फुटांवरून. आणि टाळ तर लांबच बरे. अभंगाला टाळकरी बोलावले की मी त्यांना खोलीच्या पार टोकाला उभं करतो. त्यांना तो अपमान वाटतो. पण टाळाचा आवाज एवढा धारदार, की माइकजवळ असला तर पुढे कितीही कापला तरी गाण्यावर ओरखडा राहतोच.

गळ्याची गोष्ट मात्र अवघड, कारण गळा जागेवर बसत नाही. माइकला तोंड चिकटवून गायलं की खर्ज आपोआप भरतो. एका दिशेचं जास्त ऐकणाऱ्या माइकचा तो धर्मच आहे. भावगीत गाणाऱ्याला ते आवडतं, आपला आवाज मखमली झाल्यासारखा वाटतो. पण अंतऱ्यात वरचा षड्ज आला की तोच गायक त्याच जागेवरून ओरडल्यासारखा ऐकू येतो. जुने गायक मान किंचित वळवायचे, अर्धं पाऊल मागे घ्यायचे. कुणी शिकवलं म्हणून नव्हे. एका टेकमध्ये सगळा वाद्यवृंद वाजत असताना दुसरा उपायच नव्हता. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी आमचं बोट फेडरवर असायचं. गायकानं मोठा श्वास घेतला की समजायचं, तान येतेय, आणि आवाज येण्याच्या आधी बोट खाली. कॉम्प्रेसर हे काम आवाज आल्यावर करतो, म्हणूनच तो मशीनसारखा ऐकू येतो.

मग १९९०नंतरच्या काही वर्षांत सगळंच हललं. व्हीएचएसएवढ्या कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक घेणारं ॲडॅट आलं, पाठोपाठ कॉम्प्युटर. वादक एकेकटे येऊ लागले, कालांतरानं येईनासेच झाले. मोठे हॉल ओस पडले. नोकरी सोडून मी स्वतंत्र कामं घेऊ लागलो, ती त्याच सुमारास. नव्या पद्धतीला नावं ठेवण्यात मला रस नाही. साताऱ्याच्या एखाद्या पोरानं घरच्या खोलीत केलेलं गाणं माझ्याकडे येतं आणि ते चांगलं असतं, हे टेपच्या काळात घडलंच नसतं. फक्त एक गोष्ट घरी होत नाही, ती म्हणजे खोली. २०१६च्या 'सैराट'साठी अजय-अतुल वाद्यवृंद मुद्रित करायला हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले तेव्हा आमच्यातल्याच काहींनी नाकं मुरडली. सॅम्पल असताना एवढा खर्च कशाला? तो खर्च त्या खोलीसाठी होता. इतकी माणसं एका छताखाली एकदम वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडा सांडतो, भिंतींवरून फिरून येतो. त्या सांडण्यातूनच वाद्यवृंद 'मोठा' होतो. सॅम्पलमध्ये काहीच सांडत नाही.

आता माझं काम बहुतेक फायलींवर. डोंबिवलीच्या एका खोलीत रॉकवूलचे पॅनेल, दोन जोड स्पीकर आणि कॉम्प्युटर. कामाचं वेळापत्रक पंचांग बघून समजतं. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, आषाढीच्या आधी अभंग, श्रावण लागला की गणपतीच्या आरत्या, मग देवीची गाणी. न्यू जर्सीच्या मराठी मंडळातूनही गाणी येतात आणि शहापूरहूनही. कलाकाराची नि माझी गाठ पडतेच असं नाही. पूर्वी गायक आणि मी यांच्यात एक काच होती, आता तीन शहरं आणि एक ड्राइव्ह लिंक आहे.

या लांबून कामात गमती होतात. एकदा सगळ्या वाद्यांचे ट्रॅक ४८ किलोहर्ट्झचे आणि गळा ४४.१चा आला, पण प्रत्येक फायलीवर ४८ असाच शिक्का. गळा वाजवला तर बाई घाईत आणि चढ्या आवाजात गातायत. मूळ गाणं काळी एकमध्ये. ऐकू येत होतं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोब्बर मधे, म्हणजे जगातल्या कुठल्याच पेटीवर नसलेल्या पट्टीत. पाठवणाऱ्यानं आधी गायिकेला दोष दिला होता, ताल सुटतोय म्हणून! शिक्का दुरुस्त केला, बाई सुरात आल्या आणि तालातही.

बाथरूमशेजारच्या खोलीत, पंख्याखाली, माइकपासून चार फुटांवर गायलेलं गाणं येतं आणि सोबत निरोप, "जरा जवळ आणा." लांब न्यायला मला जमतं. त्याची युक्तीही आहे. गायक जवळ असला की त्याचा थेट आवाज आधी येतो आणि भिंतींवरून आलेला बराच मागून. लांब गेला की दोन्ही जवळजवळ एकदम येतात. म्हणून गायिका कानाशी हवी पण देऊळ मोठं वाटायला हवं, तर रिव्हर्ब वीस-तीस मिलिसेकंद अडवून मग सोडायचा. हे झालं कोरड्या आवाजाचं. ज्यात खोली आधीच मिसळलीय त्या आवाजातून खोली काढणारी सॉफ्टवेअर हल्ली निघाली आहेत, पण ती खोलीबरोबर गायकाचं थोडं वयही काढून टाकतात, आणि कणसूर हमखास.

दुसरी मागणी ठरलेली, "आवाज मोठा करा." स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या एका पातळीवर आणून वाजवतं, तेव्हा दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथे आपसूक खाली ओढलं जातं. तोटा तेवढाच राहतो. दाबलेल्या गाण्यात सगळे एका रांगेत, नाकासमोर उभे. पुढे कोण आणि मागे कोण, काही उरत नाही. मिरवणुकीच्या डीजेसाठी असेल तर माझी हरकत नाही, तिथे तसंच लागतं. अंगाईगीतालाही तेच मागतात तेव्हा मात्र मी वाद घालतो आणि बहुतेक वेळा हरतो.

पैशांचं म्हणाल तर गाण्यामागे ठरलेली रक्कम, निम्मी आधी, दोन करेक्शन त्यातच. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला बळ आलं, ते योग्यच झालं. आमचा संबंध शिफ्ट संपली की संपतो. एका कॅसेट कंपनीनं तर थकलेल्या पैशांऐवजी न खपलेल्या कॅसेटचे खोके घरी पाठवले होते. त्या कॅसेटच्या कव्हरवर निदान 'ध्वनिमुद्रण' म्हणून नाव असायचं, हल्ली फोनवर शोधूनही सहसा सापडत नाही.

तर यंदा गणपतीचं गाणं करायचं मनात असेल तर एवढं करा. पंखा आणि फ्रिज बंद ठेवा. कपड्यांचं कपाट उघडा, त्याला पाठ लावून उभे राहा, माइक तोंडासमोर एक वीत लांब ठेवा आणि वरचा सूर आला की मान थोडी वळवा. कच्चं रेकॉर्डिंग, काहीही न लावता, डब्ल्यूएव्हीमध्ये पाठवा. व्हॉट्सॲपवर साधं ऑडिओ म्हणून नको, तिथे आवाज आवळला जातो. ४८ आहे की ४४.१ ते फायलीच्या नावातच लिहा. आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री पाठवू नका, त्या दिवशी माझ्याकडेही मोदक असतात.