माहेर समुद्राकाठी

पुलगावचा उन्हाळा ज्यानं अंगावर घेतला नाही, त्याला आमच्या सुट्ट्यांची गोष्ट सांगून कळायची नाही. मे महिन्यात पारा ४५-४६ वर जाऊन बसतो. सकाळी दहानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवायचा, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. वर्धा नदी तेव्हा नावालाच नदी. ज्या पुलावरून गावाला नाव पडलं म्हणतात, त्या पुलाखाली रेतीच रेती आणि रेतीत डांगरवाड्या. शाळेत गुरुजी सांगायचे, आपली वर्धा पुढं वैनगंगेला मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या गावचं पाणी समुद्रापर्यंत जात होतं. आम्ही माणसं मात्र आर्वीपर्यंतच.

कारण आर्वी आईचं माहेर. पुलगावहून आर्वीला छोटी गाडी जायची, १९१७ साली सुरू झालेली नॅरोगेज. अंतर ३५ किलोमीटर, पण गाडी अशी रमतगमत जायची की रोहणा येईपर्यंत आमची शिदोरी संपलेली असे. ‘सुट्टीत कुठं चालले?’ असं आम्हाला कुणी विचारत नसे. मे लागला की मामाचं गाव, हे ठरलेलंच.

ही सुट्टी आम्हा पोरांची. आईला उन्हाळ्याइतकं काम दुसऱ्या कुठल्या दिवसांत नसायचं. पावसाळ्याची सगळी बेगमी याच दोन महिन्यांत करायची. कुरड्या, पापड, शेवया, मुंगवड्या, सरगुंडे, वर्षाचं तिखट, तुरीची डाळ. पहाटे चारला चूल पेटायची ती ऊन चढायच्या आत गच्चीवर वाळवण पडावं म्हणून. तिकडं बाबांची वखरवाही, शेणखत, बियाण्यांची जुळवाजुळव. एवढं सगळं उरकून आई आर्वीला जायची ती आठ दिवसांसाठी.

आर्वीला आई दुपारी झोपायची. ही मला तेव्हा फार नवलाची गोष्ट वाटे. घरी मी तिला दिवसाउजेडी आडवी झालेली पाहिलीच नव्हती. तिथं मात्र जेवण झालं की ती मधल्या खोलीत फरशीवर पदर पसरून पडायची आणि डाराडूर झोपायची. आम्ही आवाज केला की आजी हातात पंखा घेऊन आमच्यावर धावायची. “झोपू द्या रे तिले!” एवढंच म्हणायची. माहेर म्हणजे काय, याचा मला कळलेला अर्थ तेवढाच. जिथं आईला कुणी उठवत नाही, ते माहेर.

१९९२ च्या माघात आजी गेली. आजोबा आधीच गेलेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि मामानं घराला कुलूप लावलं. मामा तेव्हा अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात फिटर होता. त्याचं बिऱ्हाड अलिबागला. चैत्रात त्याचं पत्र आलं : आजीची पहिली आखजी आहे, घागर इथंच भरतो, बाई, तू सगळ्यांना घेऊन ये, पोरांना समुद्र दाखवू.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून आईकडं दिलं.

“आखजीचं निमित्त आहे,” ते म्हणाले. “त्याले घर विकायचं आहे. तुही सही पायजे त्याले, म्हणून समुद्र दाखवून रायला.”

आर्वीचं घर आजीच्या नावावर होतं. १९५६ च्या वारसा कायद्यानं त्यात मुलाइतकाच मुलीचा वाटा. तिनं हक्कसोड लिहून दिल्याशिवाय मामाला ते एकट्यानं विकता येणार नव्हतं. हे आईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे बहिणींच्या सह्या कशा होतात हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. सही दिली तर दार उघडं राहतं, वाटा मागितला तर राखी पोस्टानं जाते आणि पोच येत नाही.

आई काही बोलली नाही. तिनं पिशव्या भरायला घेतल्या. मुंगवड्या, सरगुंडे, पाच किलो तुरीची डाळ. आणि कुंभाराकडून आणलेलं एक नवं कोरं मडकं, पोत्यात गुंडाळून.

“मडकं तिथं भेटत नाही काय?” बाबा म्हणाले.

“भेटत असन. पण मायचं पाणी आपल्या मातीतलं पायजे.”

ते मडकं घेऊन आम्ही निघालो. बैल शेजाऱ्यांच्या हवाली केले. पुलगाव स्टेशनावर मुंबईच्या गाडीत चढलो, रात्रभर बडनेरा, अकोला, भुसावळ अशी नावं झोपेत ऐकली. मडकं आईच्या मांडीत. सातशेवर किलोमीटर आली होती ती बाई मडकं सांभाळत. पुढं बोरीबंदरहून टॅक्सीनं भाऊचा धक्का, तिथून लाँचनं रेवस, रेवसहून एसटी. लाँच हलायला लागली तेव्हा बाबांनी एका हातानं बाक धरला आणि दुसऱ्या हातानं मडकं.

अलिबागला पोचलो ते मामाच्या घरी पिशव्या टाकून थेट किनाऱ्यावर. आणि पाहतो तर समुद्र नाहीच! दूरवर ओला काळपट वाळूचा पट्टा, मधे कुलाबा किल्ला, आणि माणसं चालत किल्ल्याकडून येताहेत.

“कालव्याचं पाणी बंद करते तसं कोणी बंद केलं काय गा?” बाबांनी मामाला विचारलं.

मामाची घरमालकीण, नारळ-सुपारीच्या वाडीत राहणारी एक म्हातारी विधवा, आईला म्हणाली, “अगो, तिथी बघावी. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. त्यापासून सहा तासांनी ओहोटी.” आईला समुद्र नवा होता, पण पंचांग पाठ होतं. तिनं बोटांवर मोजलं. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. “तिजीला घागर भरू, चौथीला किल्ल्यावर जाऊ,” तिनं जाहीर केलं. समुद्र पाहून दोन तास झाले नव्हते आणि तिनं त्याचं वेळापत्रक लावलं होतं!

मडक्यानं मात्र तिला फसवलं. रात्री पाणी भरून ठेवलं ते सकाळी कोमटच. पुलगावला मडक्याच्या अंगातून झिरपलेलं पाणी कोरड्या हवेत भराभर उडतं आणि आतलं पाणी बर्फासारखं होतं. इथली हवाच पाण्यानं भरलेली. झिरपलेलं उडणार कुठं? मामा म्हणाला, “बाई, सात वर्षं झाली मी गार पाणी प्यालो नाही. कूलर आणला होता, तोही इथं काही कामाचा नाही.” इथं ऊन कमी होतं, पण घाम वाळत नव्हता. आमच्याकडं धुतलेलं धोतर पंधरा मिनिटांत खडखडीत होतं. इथं मामीचे कपडे दोन दिवस दोरीवर.

आखजीला त्याच मडक्यात पाणी भरलं. मामानं आजीच्या नावानं पूजा केली, मामीनं पुरण घातलं, आमरस केला. आईनं आणलेल्या सरगुंड्यांवर तोच आमरस ओतला. आई बाजूला बसून मामाचे हात पाहत होती. तिनं डोळे पुसले नाहीत. पाणी सोडून झाल्यावर म्हणाली, “आता मायले तहान लागत नसन.”

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणं आम्ही किल्ल्यावर गेलो. पोटरीभर पाण्यातून चालत. बाबांनी धोतर वर खोचलं, धाकट्याला खांद्यावर घेतलं. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, आंग्र्यांच्या काळातलं. चतुर्थी म्हणून गर्दी होती. चहूकडून खारट पाणी आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर. आईनं ओंजळभर पाणी प्यायलं, थांबली, पुन्हा प्यायली. “गोड आहे वं,” मला म्हणाली.

मामानं बाबांना थळला नेऊन कारखाना बाहेरून दाखवला. तिथं युरिया होतो. बाबा बराच वेळ धुराड्यांकडे पाहत राहिले. “म्हणजे आपली पऱ्हाटी दरसाल समुद्रालेच पैसे धाडून रायली,” असं म्हणाले, आणि त्या प्रवासात पहिल्यांदा हसले.

खरं तर विसाव्याच्या गावाला आलो होतो, पण आईला विसावा येत नव्हता. घरमालकीण वाडीत आमसुलं वाळवत होती, पोह्याचे पापड लाटत होती. कोळणी सुकी मासळी उलथीपालथी करत होत्या. आमच्या गच्चीवरचं सगळं इथं अंगणात, फक्त जिन्नस वेगळे. पावसाळ्याची भीती दोन्हीकडं सारखीच, आणि ती वाहणाऱ्या बायकाच. आई पहिले दोन दिवस त्या म्हातारीबरोबर पापड लाटत बसली. संध्याकाळी किनाऱ्यावर नेऊन बसवलं तर हात कुठं ठेवावे तिला कळेना. मांडीवर ठेवायची, पदरात घ्यायची, वाळू निवडल्यासारखी करायची.

पाचव्या दिवशी जेवणं झाली, मामी भांडी घेऊन मागं गेली आणि आई ओटीवर पदर पसरून पडली. वाडीतून वारा येत होता. पाच मिनिटांत तिला झोप लागली. मी आणि मामाची पोरं तिथंच चंपूल खेळत होतो, कवड्यांचा आवाज होत होता. मामी आतून ओल्या हातांनी बाहेर आली आणि हळूच म्हणाली, “झोपू द्या रे त्यांले.”

आई उठली तेव्हा उन्हं कलली होती. ती बराच वेळ ओटीवर तशीच बसून राहिली. मग तोंड धुतलं आणि मामाला म्हणाली, “चाल, समुद्रावर जाऊन येऊ.” मी मागं लागले.

वाळूवर बसल्यावर ती म्हणाली, “कागद आणला का रे बापू?”

मामा खाली पाहत राहिला.

“दोन दिवसांपासून पेटी उघडते अन् बंद करते. मले दिसते.”

“मी काढणार नव्हतो बाई. भाऊजींले वाटन, त्याच्यासाठीच बोलावलं.”

“त्याच्यासाठीच बोलावलं का?”

“आखजीसाठी बोलावलं,” मामा म्हणाला. मग थोड्या वेळानं, “अन् त्याच्यासाठीही.”

तो खरं बोलला म्हणून आई शांत झाली असं मला आज वाटतं. ती म्हणाली, “पावसाआधी आर्वीले ये. रजिस्ट्रीत सही करून देतो मी. पण दरसाल आखजीले मले बोलवायचं. पैसे असो का नसो. अन् मी आल्यावर मले कोणी उठवायचं नाही.”

बाबांना तिनं हे रात्री सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “अर्धं घर तुहं होतं.”

“होतं ना,” आई म्हणाली. “पण कुलपाच्या घरात कोण झोपू देते?”

निघताना मामीनं ओटी भरली, साडी नेसवली. घरमालकिणीनं पांढऱ्या कांद्याची एक माळ हातात दिली. अलिबागचा हा कांदा वेणीसारखा गुंफून विकतात, गोडसर असतो. पुढं २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आईनं माळ लाँचमध्ये मांडीवर घेतली, येताना मडकं होतं तशी. मडकं तिनं मामाकडंच ठेवलं होतं. त्या उन्हाळ्यात बाबा शेतात जाताना त्यातलाच एकेक कांदा खिशात टाकत. उन्हाचा उतारा समुद्राहून आणला म्हणून शेजारी थट्टा करत.

मृगाच्या आधी आर्वीला सही झाली. घर विकलं गेलं, त्या पैशात मामानं अलिबागला दोन खोल्या घेतल्या. त्यानं शब्द पाळला का? काही वर्षं पाळला, काही वर्षं पत्रच आलं नाही, एकदा आमच्याकडं कापूस बुडाला आणि तिकिटाला पैसे नव्हते. हिशेब केला तर आई त्यानंतर सहा वेळा गेली. एका घराच्या अर्ध्या वाट्याच्या बदल्यात सहा वेळा आठ-आठ दिवसांची झोप. २००५ साली वारसा कायदा बदलला, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीतही जन्मानं बरोबरीचा हक्क आला, तेव्हा मी पेपर वाचून दाखवत तिला विचारलं, “स्वस्तात दिलंस ना?”

तिनं शेंगा फोडता फोडता विचार केला. “स्वस्तातच दिलं,” म्हणाली. “पण दोन्ही भेटत असतं तं मी दोन्ही घेतलं असतं. तू सही करायच्या आधी विचारशील : दोन्ही काहून नाही?”

आर्वीची छोटी गाडी आता बंद आहे. त्या घराच्या जागी दुसऱ्याची दुकानं आहेत. नव्या सुना आईला विचारतात, “आई, तुमचं माहेर कोणतं?” ती शेताची हद्द सांगावी तशी सांगते, “आर्वीचं. पण आता समुद्राले लागून आहे.”