दोनशे खलाशी

पूर आला, दरड कोसळली, गाव गाडलं गेलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "निसर्ग कोपला." टीव्हीवर तेच, व्हॉट्सॲपवर तेच. मागोमाग दुसरं येतं: "माणसाने निसर्गावर अत्याचार केले, त्याची फळं भोगतोय." ऐकायला बरं वाटतं. पण यातला 'माणूस' म्हणजे नेमका कोण? ज्याने डोंगर पोखरला तो, की त्या डोंगराखाली झोपला होता तो?

हा प्रश्न मला दिला तो दोन जुन्या इंग्रजी पुस्तकांनी. बी.ए.ला रोमँटिक साहित्याचा पेपर होता. 'निसर्गाशी केलेला अपराध आणि त्याची शिक्षा' हे उत्तर सगळ्यांचं तोंडपाठ. परीक्षा संपली, पुस्तकं मात्र माझ्याजवळ राहिली. आणि दरवेळी वाचताना शिक्षेपेक्षा शिक्षा कुणाला झाली, याकडेच लक्ष जाऊ लागलं.

पहिली कोलरिजची 'एन्शंट मरिनर', 1798 सालची कविता. दक्षिणेच्या बर्फात अडकलेल्या जहाजावर एक अल्बाट्रॉस पक्षी येतो. खलाशी त्याला खायला घालतात, त्याच्याशी खेळतात. बर्फ फुटतो, वारा सुटतो. आणि एक दिवस त्यांच्यातलाच एक जण बाण मारून त्या पक्ष्याला ठार करतो. का? कविता कारणच देत नाही. ना भूक, ना राग. हाताशी धनुष्य होतं, मारला.

या पक्ष्याची कल्पना वर्ड्सवर्थने सुचवली होती. शेल्वॉक नावाच्या कप्तानाचं 1726 सालचं प्रवासवर्णन त्याने वाचलं होतं. त्यात हॅटली नावाचा अधिकारी जहाजामागे येणाऱ्या काळ्या अल्बाट्रॉसला अपशकुनी समजून गोळी घालतो, वारा अनुकूल होईल या आशेने. म्हणजे त्याच्याकडे निदान एक वेडगळ कारण तरी होतं. कोलरिजने तेही काढून टाकलं.

आता पुढचं नीट बघा. पक्षी मेल्यावर खलाशी आधी त्या माणसाला शिव्या घालतात: वारा आणणाऱ्या पक्ष्याला मारलंस! मग धुकं विरतं, लख्ख ऊन पडतं. लगेच मत बदलतं: बरं झालं मारलंस, धुकं आणणारा तोच होता! 1817 साली कोलरिजने कवितेच्या कडेला टिपा जोडल्या. त्यात त्याने स्पष्टच म्हटलं की या समर्थनामुळे खलाशी गुन्ह्यातले भागीदार झाले.

मग वारा पडतो, प्यायला थेंब उरत नाही आणि दोनशे खलाशी मरतात. बाण मारणारा एकटा जगतो. त्यालाही सुख नाही, आयुष्यभर भेटेल त्याला तीच कहाणी सांगत फिरावं लागतं. पण तो सांगायला उरतो तरी. त्या दोनशेंपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

दुसरं पुस्तक मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाईन'. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. 1816 साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, थंडी-पावसाने पिकं गेली. त्याच पावसात जिनिव्हाच्या तळ्याकाठी बायरनच्या घरी अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. कादंबरी 1818 साली लेखिकेच्या नावाविना छापली गेली.

व्हिक्टर प्रयोगशाळेत एक जीव घडवतो, तो डोळे उघडतो आणि व्हिक्टर घाबरून पळून जातो. निर्मितीपेक्षाही हे पळून जाणं मला मोठा अपराध वाटतं. पुढे त्या टाकून दिलेल्या जीवाच्या हातून व्हिक्टरच्या लहान भावाचा खून होतो. आळ येतो घरातल्या जस्टिन या मोलकरणीवर. खरा खुनी कोण, याची व्हिक्टरला खात्री असते. पण लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प बसतो. जस्टिन फासावर जाते. शेवटी व्हिक्टरही मरतो, पण जस्टिन, मित्र, बायको, बाप असे सगळे संपल्यावर. त्या रांगेत तो शेवटचा.

दोन्हीकडे हिशेब सारखाच. करणारा एक, भरणारे भलतेच. म्हणून 'निसर्ग कोपला' हे वाक्य मला नुसतं भाबडं वाटत नाही, ते सोयीचं आहे. कोप म्हटला की चौकशी नको. आणि 'माणसाने केलं' म्हटलं की कुणी एकाने सही केली होती, हे विसरता येतं.

पण 'फ्रँकेन्स्टाईन'मध्ये आणखी एक जहाज आहे. वॉल्टन नावाचा महत्त्वाकांक्षी कप्तान उत्तर ध्रुवाकडे निघालाय. जहाज बर्फात अडकलंय, काही जण थंडीने मेलेत. खलाशी त्याच्यासमोर उभे राहून म्हणतात, वाट मोकळी झाली की मागे फिरायचं, तसा शब्द द्या. मरणपंथाला लागलेला व्हिक्टर त्यांनाच भाषण देतो: शूर व्हा, माघार घेऊ नका! इतकं सगळं होऊनही! भाषण ऐकून खलाशी हेलावतात. पण मागणी सोडत नाहीत. अखेर वॉल्टन जहाज वळवतो आणि उरलेले जिवंत राहतात.

ते खलाशी काही निसर्गप्रेमी नव्हते. त्यांना घरी जायचं होतं, एवढंच. विकासाच्या नावाखाली कुठे काही उभं राहत असतं आणि आसपासची माणसं "आम्हाला इथे राहायचंय" म्हणून अडून बसतात, तेव्हा त्यांना अडाणी, प्रगतीचे शत्रू म्हणण्याआधी मला हे जहाज आठवतं. आणि ऊन पडलंय म्हणून "बरं झालं मारलं" म्हणणाऱ्यांचंही.

कोप, शाप, शिक्षा हे शब्द जरा बाजूला ठेवू. पुढची दरड कोसळेल तेव्हा एवढंच विचारू: बाण कुणी मारला, टाळ्या कुणी वाजवल्या, आणि मेलं कोण?