घरातला शिकारी

कोल्हापूरच्या दरबारी एके काळी शिकारीसाठी चित्ते पाळीत. संस्थाने गेली, चित्तेही गेले. आम्हां मध्यमवर्गीयांच्या वाट्यास शिकारी म्हणून उरला तो मासा! नेरूळच्या आमच्या सदनिकेत ४ फूट लांबीच्या काचेच्या टाकीत एक ऑस्कर मासा राहतो. सुमारे २५० लिटर पाण्याचा एवढा महाल एकट्यासाठी कशाला, असे पाहुणे विचारतात. त्यांस आम्ही सांगतो की, जो मासा ह्याच्या तोंडात मावतो तो ह्याचा सोबती राहत नाही, जेवण होतो.

“फारच क्रूर हो!” असा अभिप्राय मग ठरलेला. आमचे मत थोडे निराळे आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या ह्या कुळाने शाकाहाराचे व्रत कधीच घेतले नव्हते. पोट भरले की स्वारी तळाचे खडे इकडचे तिकडे करण्यात दंग होते. क्रौर्याला भुकेहून निराळा हेतू लागतो, आणि तो आम्हांस माशापेक्षा मालकांतच अधिक आढळतो. चार लोकांची करमणूक व्हावी म्हणून जिवंत गोल्डफिश टाकीत सोडणारे शौकीन काही थोडे नाहीत. वस्तुतः गोल्डफिशच्या अंगात ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, आणि अशा भक्ष्याबरोबर रोगही आत शिरतात. आमचा शिकारी कोरड्या गोळ्यांवर आणि कोळंबीवर सुखाने जगतो. शिकारीवाचून अडते ते प्रेक्षकांचे!

खरी कसोटी पुढेच असते. दुकानातले दोन बोटांचे पिल्लू नीट पोसले तर फूटभर वाढते आणि १० वर्षांहूनही अधिक जगू शकते. मोरबे धरणाचे पाणी नळाने घरी येते खरे, परंतु त्यातील क्लोरीन घालविल्यावाचून ते टाकीत ओतता येत नाही. हा उद्योग वर्षानुवर्षे चालवायचा! हौस इतकी दीर्घायुषी नसते. मग कोणी सद्गृहस्थ सुचवितात, “तलावात सोडून द्या, पुण्य लागेल.”

पण हे पुण्य कोणाच्या जिवावर? मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार हा उत्तर अमेरिकेतला शिकारी मासा सापडला. तो काही तिथवर पोहत गेला नव्हता! आपल्या तळ्यांतही मरळीसारखे शिकारी आहेत. तथापि तिच्याशी तिथल्या जिवांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. परक्या शिकाऱ्यापासून जीव कसा वाचवावा, हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. माशाला सोडून दिल्याने सुटका होते ती आमची, तळ्याची नव्हे.

म्हणून असा सल्ला देणाऱ्यांस आम्ही चहा देतो आणि येत्या रविवारी टाकीचे पाणी बदलावयास येण्याचे आग्रहाचे निमंत्रण करतो. अद्यापि कोणी आलेले नाही.