पास्काच्या आठवड्यातली पाने

१९ एप्रिल २०२५, शनिवार. वसई
रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटला. पास्का मेणबत्तीवरून एकेकाच्या हातातली मेणबत्ती उजळत गेली. यंदा शुभवर्तमान लूकचं. सुगंधी द्रव्यं घेऊन थडग्याकडे गेलेल्या स्त्रिया ते रिकामं असल्याचं येऊन सांगतात आणि प्रेषितांना ती बडबड वाटते. पेत्र तेवढा धावत जातो. ऐकणारे विश्वास ठेवतील की नाही, याची वाट त्या बायकांनी पाहिली नाही. मला त्यांचं हेच मोठं वाटतं.

२० एप्रिल, रविवार
दुपारी टीव्हीवर पोप फ्रान्सिस दिसले. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया होऊन महिनाभराहून जास्त इस्पितळात होते. सज्जात व्हीलचेअरवर बसून पास्काच्या शुभेच्छा दिल्या, आवाज अगदी खोल गेलेला. संदेश दुसऱ्यांनी वाचला; त्यात गाझातल्या युद्धबंदीची विनवणी होती. मग गाडीतून चौकातल्या लोकांमध्ये फिरले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असताना!

२१ एप्रिल, सोमवार
पोप गेले. ८८ वर्षांचे होते. काल त्यांनी शुभेच्छा दिल्या त्या आता कानातून जात नाहीत.
आजचं शुभवर्तमान मत्तयचं: स्त्रिया भीतीने आणि मोठ्या आनंदाने सांगायला धावतात, तिकडे पहारेकऱ्यांना खोटं बोलायला पैसे मिळतात. त्या स्त्रियांमधल्या मरिया माग्दालेनाच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा याच पोपनी २०१६ साली दिला. फार आधी व्हायला हवं होतं ते.

२३ एप्रिल, बुधवार
आज एम्माउसच्या वाटेचा उतारा. उठलेला प्रभू त्या दोघांना गाठतो, पण आपण कोण ते सांगत नाही. काय बोलत चाललात म्हणून विचारतो, त्यांचं सगळं दुःख ऐकून घेतो, आणि मगच शास्त्र उलगडतो. आनंदवार्ता सांगायला निघालेल्या प्रत्येकाने हा क्रम पाळावा, असं मला कळकळीने वाटतं.
संध्याकाळी आळीतल्या मावशींकडे गेले. मुलगा गेल्यापासून त्या चर्चला येत नाहीत. त्याच्या लहानपणापासूनचं सगळं बोलल्या. मग एकदम म्हणाल्या, "तो उठला गं, माझा कधी उठणार?"
म्हटलं, "मावशी, कधी ते मला ठाऊक नाही. पण उठणार, यावर माझा जीव टाकून विश्वास आहे."
त्यांनी कपाटातून फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' काढून माझ्या हातात दिलं. आज लूक वाचला. उद्या योहानातली मरिया वाचायची ठरली. प्रभू तिलाही आधी विचारतो, का रडतेस?