तगरची वाट

आमच्या तेरच्या संग्रहालयात जुने मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती काचेआड मांडून ठेवल्या आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी मोठ्या कष्टाने त्या जमविल्या. शाळेत असताना गुरुजी आम्हांला तेथे नेत आणि सांगत, ‘मुलांनो, हेच ते तगर!’ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे हे नगर. येथले साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जाई.

मला ते ऐकताना आमचे दुकान आठवे. तेही कापडाचेच.

सुगी साधली की दुकानात बसायला जागा नसे. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला तर अण्णांना जेवायलाही सवड मिळत नसे. मग पावसाने पाठ फिरविली. 2016 साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हा आमच्याकडे तरी नवे कापड कोण घेणार? उधारीची वही मात्र भरत गेली.

पुढे एकदा मी विचारले, “अण्णा, वसुलीला का जात नाही तुम्ही?”

“अरे, बियाण्यासाठी त्यानं बायकोची बोरमाळ मोडली. त्याला मी धोतराचे पैसे कुठल्या तोंडानं मागू?”

पाऊस परतला, गिऱ्हाईक परतले नाही. रस्ते सुधारले, दारोदार मोटारसायकली आल्या. लग्नाचे बस्ते लातूरला, बार्शीला, सोलापूरला बांधले जाऊ लागले. गावात राहिली ती उधारी. गेल्या दिवाळीनंतर अण्णांनी दुकान बंद केले. वही रद्दीत घातली नाही. देवघराच्या फळीवर ठेवून दिली.

गुरुजींची ती गोष्ट आता मला निराळीच वाटते. रस्ता नव्हता तेव्हा तेरचे कापड दूरदेशी गेले. रस्ता झाला आणि तेरची माणसेच निघून गेली. त्यांत मीही एक. दुकानातली कपाटे विकून माझी वसतिगृहाची फी भरली. मग रस्त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

सुट्टी संपली की अण्णा एस.टी.पर्यंत सोडायला येतात. ‘शिकून गावी येशील का?’ असे ते कधीच विचारीत नाहीत. यंदा मीच त्यांना सांगणार आहे, ‘येईन.’ येऊन काय करीन, ते मात्र अजून मला ठाऊक नाही.