एकाच पुराव्यावरचा निष्कर्ष

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा विद्यालयाच्या वाटचालीविषयी लिहावे असे मनात होते. परंतु लेखणी आईच्या आजाराकडेच वळत राहिली. पालकांना त्याचाच अधिक उपयोग होईल, असे वाटून तेच लिहितो.

एकाच पुराव्यावरून निष्कर्ष काढू नये, हा इतिहासाचा नियम मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आलो. घरात मात्र तो विसरलो. आईचा खोकला महिनाभर हटेना. तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. डॉक्टरांनी क्षय सांगितला. आपल्या वस्त्यांनी क्षयाने खंगलेली माणसे इतकी पाहिली आहेत, की कोणालाच शंका आली नाही. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने आई त्या निमूटपणे घेत राहिली आणि वाळत गेली.

तिने कधी विडी ओढली नव्हती. म्हणून कर्करोग हा शब्द आमच्या मनातही आला नाही. चाळीस वर्षे बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात तिने चुलीचा धूर गिळला होता, हे फार उशिरा आठवले. विडी न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो. मात्र धूर हेच कारण, असे मी म्हणणार नाही; तोही एकाच पुराव्यावरचा निष्कर्ष ठरेल.

अखेर परळचे टाटा रुग्णालय गाठले. सीटी स्कॅन झाले, सुईने गाठीचा तुकडा काढला. अहवाल येईपर्यंत आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. गाडगेबाबांनी पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली होती, हे मी वर्गात सांगतो. त्यांच्या नावाच्या छताखाली दूरदूरच्या रुग्णांसोबत जेवताना ते नव्याने उमगले.

रोग चौथ्या टप्प्यात होता. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. तुकड्याच्या जनुकीय तपासणीत ईजीएफआरचा बदल आढळला. त्यावर रोज एक गोळी दिली. महिन्याभरात धाप कमी झाली. त्या वर्षीच्या आपल्या स्नेहसंमेलनाला आई स्वतःच्या पायांनी आली होती, हे काहींना आठवत असेल. वीस महिन्यांनी गोळीचा गुण सरला, आणि आई गेली.

क्षय आपल्याकडे आहेच. त्याची शंका घेणे चुकीचे नाही. पण थुंकीची सीबीनॅट तपासणी करून घ्या. जंतू न सापडताच उपचार सुरू असतील आणि दोन महिन्यांत उतार पडला नाही, तर पुढील तपासण्यांविषयी विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार येतात. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

एम.ए. झालेला मी त्या दवाखान्यात मान खाली घालून बसलो होतो. थुंकीत जंतू नाहीत, मग क्षय कशावरून, एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. आपल्याला शिकवले गेले ते विचारण्यासाठी. मी विचारले नाही. तुम्ही विचारा.