अर्धा गुण

जोतिबाच्या डोंगरावर मी आजवर किती वेळा गेले असेन, हिशेब नाही. पण गेली कित्येक वर्षं एस.टी.नं, नाहीतर मुलाच्या गाडीनं. परवा नातू म्हणाला, "आजी, या वेळी चालत जाऊया." गुडघ्यांना न विचारताच मी हो म्हटलं!

कुशिऱ्याला गाडी ठेवली आणि जुन्या पायवाटेला लागलो. डोंगराची उंची सुमारे ३१०० फूट. ऐकून छाती दडपते, पण कोल्हापूरच मुळात १८०० फुटांच्या आसपास, त्यामुळे खरा चढ तेवढा नाही. हे मी नातवाला सांगत होते, म्हणजे खरं तर स्वतःलाच. पावसानंतरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. गायमुखापाशी टेकले, पाणी प्याले. तिथून पुढे दर वळणावर बसायला एखादा दगड शोधायचा, असं करत वर पोचलो.

दर्शन झाल्यावर डोंगराच्या कडेला येऊन उभी राहिले. एका बाजूला पन्हाळा, खाली पंचगंगेचं खोरं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, या पाच नद्यांची पंचगंगा होते ती प्रयाग चिखलीला. हे मी तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढून शिकवलं. वरून बघताना नदी काही फळ्यावरच्यासारखी निळी रेघ दिसत नव्हती. दिसत होता तो ऊस. थेट पाण्याच्या काठापर्यंत ऊस, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर.

आणि एक जुना पेपर आठवला. प्रश्न होता, 'नदीकाठी लोकवस्ती का आढळते?' सुपीक जमीन, पाण्याची सोय, वाहतूक असे मुद्दे अपेक्षित. नदीकाठच्या गावातल्या एका मुलीनं एकच ओळ लिहिली होती, 'कारण आमचं रान तिथं आहे.' मी अर्धा गुण दिला होता.

१९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला प्लॉट दिले गेले. तरी पुष्कळ जण जुन्या गावातच राहिले. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट! टी.व्ही.समोर बसून मीही तेव्हा म्हणाले होते, "दरवेळी हाल सोसतात, पण गाव काही सोडत नाहीत." २०२१ च्या पुरात तीच मुलगी, आता दोन मुलांची आई, फोनवर म्हणाली होती, "बाई, आम्ही हलू हो. पण म्हशी कुठं बांधायच्या? आणि रानाला पाणी पाजायला रोज रात्री कोण खाली येणार?" मी काहीतरी धीराचं बोलले. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

परवा वरून ते रान बघितलं. गाळानं काळीभोर झालेली जमीन, जी देणारी नदीच आणि बुडवणारीही नदीच. माझे तिन्ही मुद्दे तिच्या त्या एका ओळीत होते.

उतरताना नातवानं हात धरला. खरं तर उतारच गुडघ्यांना जास्त जड जातो. घरी आल्यावर तिला फोन केला. अर्ध्या गुणाचं काही बोलले नाही, नुसतं विचारलं, "ऊस तुटला का गं?"

"अजून टोळी आली नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्ही या की गुऱ्हाळावर रस प्यायला."

जाणार आहे.